पन्नास वार रेशीम आणि पदरमोड

आधी हिशेब मांडते.

नग पंधरा. त्यात नवरीचा गाऊन एक, बाकी बहुतेक करवल्यांचे. कामाला लागलेला वेळ सुमारे दोन महिने, आणि मग पुन्हा दहा दिवस. धरलेला नफा ७०० डॉलर, प्रत्यक्षात झालेला तोटा २,२०० डॉलर. त्याबद्दल गिऱ्हाइकाकडं केलेली तक्रार एकही नाही.

साल १९५३. गिऱ्हाईक जॅनेट ऑकिंक्लॉस, म्हणजे नवरीची आई. नवरी जॅकलीन बूव्हिए. नवरा मॅसॅच्युसेट्सचा तरुण सिनेटर जॉन केनेडी. आणि शिवणारी ॲन लो, पन्नाशी ओलांडलेली, न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं दुकान चालवणारी कृष्णवर्णीय ड्रेसमेकर. त्या लग्नातला नवरीचा फोटो अमेरिकेतल्या सर्वांत जास्त छापल्या गेलेल्या लग्नाच्या फोटोंपैकी एक आहे. तुम्हीही तो कुठं ना कुठं पाहिला असेल: उघडे खांदे, फुगलेला घेर, त्यावर मोठमोठी चक्रं.

ही गोष्ट सहसा ‘नाव न मिळालेली कलावंत’ अशी सांगतात. ते खोटं नाही. पण मला त्यात हिशेबाच्या त्या दोन आकड्यांची गाठ सोडवावीशी वाटते. नाव नसल्यानं मान गेला, हे लगेच दिसतं. नाव नसल्यानं दरही गेला, हे दिसायला वही उघडावी लागते.

ऑर्डर

ऑकिंक्लॉस घराणं ॲन लोचं जुनं गिऱ्हाईक. त्या घरातल्या समारंभांचे कपडे तिच्याकडून जायचे, त्यामुळं मुलीच्या लग्नाची ऑर्डर तिच्याकडं गेली यात नवल नव्हतं. लग्नाची तारीख १२ सप्टेंबर, गाव न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंड. सेंट मेरीज चर्चमध्ये विधी आणि नंतर हॅमरस्मिथ फार्म या ऑकिंक्लॉसांच्या वाडीवर मेजवानी. पाहुणे हजाराच्या वर. व्याही जोसेफ केनेडी यांना मुलाच्या लग्नाचं रूपांतर देशभर गाजणाऱ्या सोहळ्यात करायचं होतं, आणि पोशाखही त्याला साजेसा हवा होता. खुद्द नवरीला काहीतरी साधं, सरळ रेषेतलं हवं होतं आणि तयार गाऊन तिला लॅम्पशेडसारखा वाटला, असं सांगितलं जातं. पुढं राष्ट्राध्यक्षांची पत्नी म्हणून ती ज्या सुटसुटीत कपड्यांसाठी ओळखली गेली ते पाहिलं, तर यात अशक्य काही वाटत नाही. म्हणजे ज्या गाऊनमुळं हे प्रकरण घडलं, तो घालणारीला मनापासून आवडलेलाच नव्हता. ॲन लोच्या नशिबातला हा एक बारीकसा टोमणा.

गाऊनला लागलं पन्नास वार रेशमी टॅफेटा, हस्तिदंती रंगाचं. आपल्या मापात सांगायचं तर साडेपाच नऊवारी लुगडी एका पोशाखात. चोळीच्या भागावर बारीक चुण्यांच्या पट्ट्या एकमेकींत विणल्यासारख्या बसवलेल्या. घेरावर तशाच चुण्यांची, एकात एक अशी वर्तुळं, आणि त्यांत मेणाची इवलीशी संत्र्याची फुलं. ही फुलं तिकडं नवरीची फुलं मानली जातात. डोक्यावरची लेसची ओढणी मात्र आजीची, घरातली. ती शिवावी लागली नाही.

ज्यांनी कधी चुण्या घातल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. एक चुणी सरळ घालणं सोपं. ती वर्तुळात, फुगणाऱ्या घेरावर, शेजारच्या वर्तुळाशी न भांडता बसवायची म्हणजे कापड बेततानाच डोक्यात सगळा नकाशा हवा. चुण्या आधी घालायच्या की आधी कापायचं, कुठं आडवं कापड धरायचं, कुठं किती सोडायचं, हे सगळं कात्री लावण्याआधी ठरतं. त्यात टॅफेटा हा कडक, सळसळणारा कपडा. सुई गेली की भोक राहतं, टाका उसवला की रांग दिसते, घडी पडली की जाता जात नाही. आणि पाण्याचा थेंब पडला तर डाग.

तीन पिढ्यांची सुई

ॲन लोचा जन्म १८९८च्या सुमारास अलाबामातल्या क्लेटन इथं झाला. आजी जॉर्जिया गुलामगिरीत जन्मलेली, आणि गोऱ्या मालकिणींसाठी शिवणारी. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणं स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय सुतारानं, म्हणजे ॲनच्या आजोबांनी, तिची किंमत मोजून तिला सोडवलं. आई जेनी हिनंही तेच काम उचललं. माँटगोमेरीतल्या बड्या घरच्या बायकांचे नाचाच्या समारंभांचे गाऊन या मायलेकी शिवायच्या. पाच-सहा वर्षांची ॲन त्यांच्या पायाशी पडलेल्या चिंध्या गोळा करून बागेतल्या फुलांसारखी फुलं करायची. कापडाची फुलं ही पुढं तिची खूण झाली. तिचे गाऊन आज संग्रहालयांत पाहणाऱ्यांची नजर आधी त्या फुलांवरच जाते.

१९१४मध्ये आई गेली. ॲन तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. आईच्या हातात गव्हर्नरच्या पत्नीचे, एलिझाबेथ ओनील यांचे, चार गाऊन अर्धवट राहिले होते. पोरीनं ते पुरे करून दिले. दुःख बाजूला ठेवून आधी नग पोचवायचा, हा धडा तिला इतक्या लवकर मिळाला. १९५३मधल्या त्या दहा दिवसांची तयारी तिथंच झाली असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर फ्लोरिडातल्या टँपा शहरातल्या एका श्रीमंत बाईनं तिला माँटगोमेरीतल्या दुकानात पाहिलं. अंगावरचा ड्रेस तिनं स्वतः शिवलाय हे कळल्यावर मुलींच्या लग्नाचे कपडे शिवायला घरी बोलावून घेतलं. ॲन लहानग्या मुलाला घेऊन गेली. नवऱ्याला तिचं हे काम करणं पसंत नव्हतं. तो मागं राहिला.

१९१७मध्ये ती न्यूयॉर्कच्या एस. टी. टेलर शिवणशाळेत दाखल झाली. शाळेला दाखल करून घेतल्यावर कळलं की विद्यार्थिनी कृष्णवर्णीय आहे. वर्गातल्या मुली तिच्याबरोबर बसेनात, म्हणून तिला एका खोलीत एकटीला बसवलं. मग तिचं काम इतर मुलींना नमुना म्हणून दाखवायला नेऊ लागले, आणि हळूहळू मुली त्या खोलीत काम बघायला यायला लागल्या. ठरल्या मुदतीच्या निम्म्या वेळात तिचं शिक्षण आटोपलं. शिकवण्यासारखं फार उरलं नव्हतं.

टँपाला परतून तिनं स्वतःचं दुकान काढलं. तिथल्या गॅस्पॅरिला उत्सवातल्या राण्या आणि त्यांच्या सख्यांचे गाऊन तिच्याकडून जात. शिवणाऱ्या मुली तिनं हाताखाली तयार केल्या. १९२८मध्ये वीस हजार डॉलर गाठीशी बांधून ती न्यूयॉर्कला आली. पुढच्याच वर्षी मंदी. गाठोडं लवकर सुटलं आणि ती दुसऱ्यांच्या दुकानांसाठी काम करू लागली. कपडा तिचा, आत शिवलेली नावाची पट्टी दुकानाची. १९४७मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलंड ही नटी ऑस्कर घ्यायला व्यासपीठावर गेली, तेव्हा तिच्या अंगावरचा फुलांचा गाऊन ॲन लोच्या हातचा होता. पट्टीवर नाव सोनिया.

ही पट्टी लक्षात ठेवा.

दहा दिवस

लग्नाला दहा दिवस उरले असताना दुकानात पाण्याचा नळ फुटला. पंधरांपैकी दहा गाऊन गेले. त्यांत नवरीचा एक.

वाळवून चालेल का? नाही. टॅफेटावर पाण्याची कड उमटते आणि कापडाचा कडकपणा जातो, त्याबरोबर चुण्या झोपतात. चुण्या उसवून दुसऱ्या पाटावर घालाव्यात तर जुन्या टाक्यांची भोकं. नवं रेशीम आणणं, पुन्हा बेतणं, पुन्हा कापणं एवढाच रस्ता. तिनं कापड मागवलं, जादा बायका कामाला लावल्या आणि रात्रंदिवस शिवणकाम चालू ठेवलं. आठ आठवड्यांचं काम दीड आठवड्यात.

यंत्रावर धावणारं काम असतं तर एकवेळ समजलं असतं. तिच्या कपड्यांची खरी मेहनत आतल्या बाजूला असायची. अंगाला आधार देणारी कंचुकी गाऊनच्या आतच शिवलेली, शिवणीच्या कडा लेसनं झाकलेल्या, काठ हातानं तुरपलेला. घालणारीला बाहेरून काही सावरावं लागू नये, हा तिचा आग्रह. फोटोत यातलं काही दिसत नाही. घाईच्या दिवसांत दुसरी एखादी कारागीर आधी याच जागी हात आखडता घेईल. पण तयार गाऊन पाहून कुणालाही शंका आली नाही, यावरून तिनं तो घेतला नसावा.

आता हिशेबाकडं परत. ७०० नफ्यावरून २,२०० तोट्यावर येणं म्हणजे फरक २,९०० डॉलरचा. नवरीच्या गाऊनचे तिला मिळाले ५०० डॉलर. म्हणजे त्या दहा दिवसांत तिनं स्वतःच्या खिशातून जे घातलं त्यात असे जवळपास सहा गाऊन विकले गेले असते. मराठीत याला पदरमोड म्हणतात, आणि शिवणारीच्या बाबतीत हा शब्द जरा जास्तच चपखल बसतो.

मला जास्त विचार करायला लावलं ते तिच्या गप्प राहण्यानं. जॅनेट ऑकिंक्लॉसना तिनं नळाबद्दल काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर? गिऱ्हाईक जुनं होतं, पैसेवालं होतं. कापडाचा निम्मा खर्च तरी मागता आला असता. पण मागणं म्हणजे आधी ‘माझ्याकडून गोंधळ झाला’ हे कबूल करणं. १९५३ची अमेरिका ही. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला अजून आठ महिने होते. पॅरिसच्या एखाद्या मोठ्या नावाच्या दुकानात नळ फुटला असता तर तो नळाचा दोष ठरला असता. ॲन लोच्या दुकानातला नळ हा तिच्या जातकुळीचा दोष ठरायला वेळ लागला नसता. उंच वर्तुळातली सगळी गिऱ्हाइकं एकमेकींच्या ओळखीची, एकीच्या तोंडून दुसरीकडं नाव जाणार. चांगलं नाव जसं जातं तसं वाईटही. तिनं २,९०० डॉलर मोजून गप्प राहणं विकत घेतलं, असं मी या व्यवहाराकडं पाहते. धंद्याच्या दृष्टीनं तो निर्णय तेव्हा चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही.

कुठल्या दारानं

गाऊन घेऊन ती स्वतः न्यूपोर्टला गेली. दारावरच्या माणसानं सांगितलं, मागच्या दारानं या, नोकरचाकर आणि माल येतो तिकडून. ती म्हणाली, पुढच्या दारानं आत घेणार नसाल तर मी हे कपडे परत घेऊन जाते. पुढचं दार उघडलं. हा प्रसंग तिनंच सांगितलेला.

सगळ्यांना आवडणारा भाग हाच. माझाही अपवाद नाही. फक्त एक गोष्ट नोंदवून ठेवते. पैशाच्या बाबतीत जिनं चकार शब्द काढला नाही, तिनं दारासाठी अख्खी ऑर्डर पणाला लावली. आपली किंमत कशात मोजायची याबद्दल तिचं गणित ठाम होतं. ते गणित डॉलरमध्ये नव्हतं, आणि अडचण तिथंच होती.

‘कलर्ड’ बाई

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सनं गाऊनचं कापड, गळा, घेर यांचं वर्णन छापलं. शिवणारीचं नाव नव्हतं. इतरत्रही फोटो आले, कापडाचे वार आले, आजीच्या लेसची गोष्ट आली.

आठ वर्षांनी, १९६१मध्ये, केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले आणि जॅकलीनच्या कपड्यांवर सगळ्या देशाचे डोळे लागले. लेडीज होम जर्नल या मासिकात तिच्या आयुष्यावर लेखमाला आली. त्यात लग्नाच्या गाऊनबद्दल लिहिलं होतं की तो कुणा एका ‘कलर्ड’ शिवणाऱ्या बाईनं केलेला होता, ‘ओट कुट्युर’मधला नव्हता. म्हणजे पॅरिसच्या मानाच्या पंक्तीतला नाही, आपला घरगुती.

एवढा तोटा, एवढं गप्प राहणं यानंतर हे वाक्य.

५ एप्रिल १९६१ रोजी ॲन लोनं थेट जॅकलीन केनेडींना पत्र लिहिलं. पत्र सभ्य आहे पण मऊ नाही. मी कधी प्रसिद्धीच्या मागं लागले नाही, पण माझा उल्लेख करायचाच तर ‘नामवंत निग्रो डिझायनर’ असा व्हावा, आणि मी सर्वार्थानं तशी आहे, असा त्याचा आशय. ‘निग्रो’ हा त्या काळचा सभ्य शब्द. जातीचा उल्लेख काढून टाका असं ती म्हणत नाही. त्याच्या आधीचं विशेषण आणि नंतरचं नाम जागेवर आणा, एवढीच मागणी. ‘कलर्ड बाई’ यात ना नाव, ना हुद्दा. ‘नामवंत डिझायनर’ यात हुद्दा आहे, आणि हुद्द्याबरोबर दर येतो.

व्हाइट हाउसमधून जॅकलीनच्या सचिवांनी फोन केला, तो मजकूर मॅडमच्या नजरेखालून गेलेला नव्हता असं सांगितलं. मासिकानं काही दुरुस्ती छापून नुकसान भरून काढलं असं मात्र झालं नाही.

दर

प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथं आहे.

रॉकफेलर, ड्यू पाँट, रूझवेल्ट, लॉज, पोस्ट. अमेरिकेत जी घराणी पिढ्यानपिढ्या श्रीमंत आहेत आणि जी एकमेकांचीच नावं एका नोंदवहीत छापून ठेवतात, त्या घरांतल्या मुली ॲन लोचे गाऊन घालून पहिल्यांदा समाजापुढं येत. १९६४मध्ये सॅटर्डे ईव्हनिंग पोस्टनं तिच्यावर लेख छापला तेव्हा तिला ‘उच्च समाजाचं सर्वांत जपलेलं गुपित’ म्हटलं. शीर्षक कौतुकाचं. पण गुपित कुणाच्या फायद्याचं असतं? चांगली शिवणारी सापडली की तिचा पत्ता मैत्रिणींना द्यायचा नाही, ही खोड कुठल्याही देशातल्या गिऱ्हाइकांना असते. नाव बाहेर फुटलं की रांग लागते, रांग लागली की दर वाढतो. नाव घरातच राहिलं की दरही राहतो.

त्या बायका घासाघीस करायच्या, आणि ती ऐकायची. पॅरिसहून कपडे आणणं ज्यांना सहज परवडत होतं त्या बायका. तिनं पुढं स्वतःच सांगितलं की ज्या गाऊनचे आपल्याला ३०० डॉलर मिळायचे त्यात आपण ४५० डॉलर घालत होतो, आणि हे कळेपर्यंत उशीर झाला होता. या एका वाक्यात नळ फुटण्याचा काही संबंध नाही. १९५३चा तोटा अपघातानं झाला असं आपण समजतो. पण अपघात नसता तरी काय हाती लागलं असतं? पंधरा नग, दोन महिने, नफा ७०० डॉलर. नगामागं सत्तेचाळीसही नाहीत. इतक्या पातळ नफ्यावर चालणारं दुकान एका नळानं बुडतं. फुटला तो नळ, पण धंद्याला गळती आधीपासून लागलेली होती.

हे सगळं गिऱ्हाइकांच्याच माथी मारणंही बरोबर नाही. ॲन लोला हिशेब नको असायचा. भारी कापड दिसलं की हात आवरायचा नाही. दुकानाची वही मुलगा आर्थर सांभाळायचा. १९५८मध्ये मोटारीच्या अपघातात तो गेला आणि त्यानंतर वहीला वालीच उरला नाही. शिवाय तिला तिच्या गिऱ्हाइकांचा अभिमान होता, आणि तो ती लपवत नव्हती. आपण भयंकर तुसड्या आहोत, कुणाही ऐऱ्यागैऱ्यासाठी शिवत नाही, खानदानी घराण्यांसाठीच शिवतो, असं ती १९६६मध्ये एबनी मासिकाला सांगून मोकळी झाली. दुसरा नवरा सोडून गेला त्याबद्दलही तिनं हसत सांगितलं होतं: त्याला खरी बायको हवी होती, मध्यरात्री अंथरुणातून उडी मारून ड्रेस काढत बसणारी नको होती.

तुसडेपणा हा तिचा कणा होता. न्यूपोर्टच्या दारात तिला उभं ठेवलं ते त्याच कण्यानं. त्याच तुसडेपणानं तिला अशा गिऱ्हाइकांशी बांधून ठेवलं ज्यांना तिचं नाव सांगण्यात काहीच स्वारस्य नव्हतं.

तिच्याच काळातली झेल्डा विन वाल्देस हिच्याशी ताडून पाहा. तीही कृष्णवर्णीय, तीही न्यूयॉर्कची. १९४८मध्ये तिनं ब्रॉडवेवर दुकान काढलं. गिऱ्हाइकं म्हणजे एला फिट्झजेराल्ड, जोसेफीन बेकर, मे वेस्ट. एलाला मापं द्यायला सवड नसायची, तर झेल्डा म्हणे नुसते ताजे फोटो बघून गाऊन बेतायची. रंगमंचावरच्या बायकांना आपला पोशाख बोलका हवा असतो, तो कुणी केला हे सांगण्यात त्यांचं काही जात नाही. झालं तर फायदाच. खानदानी घरात उलट रीत. तिथं कपड्याबद्दल बोलणं हेच हलकं मानतात.

आणि शंभर वर्षं मागं गेलं तर एलिझाबेथ केकली. गुलामगिरीत जन्मलेली, शिवणकामाच्या जोरावर १८५५मध्ये १,२०० डॉलर भरून स्वतःला आणि मुलाला सोडवून घेतलेली, वॉशिंग्टनमध्ये मेरी लिंकन यांची शिवणारी आणि मैत्रीण झालेली. तिनं गुपित फोडलं. १८६८मध्ये आत्मचरित्र छापलं, त्यात लिंकनबाईंची पत्रंही आली. मैत्री तुटली, गिऱ्हाइकं आटली. १९०७मध्ये वॉशिंग्टनच्या निराधारांच्या आश्रमात ती वारली. बोलली तिचं हे झालं. गप्प राहिली तिचं काय झालं ते पुढं आहेच.

१९६२

१९६०पासून ॲन लो सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू या बड्या दुकानात खास गाऊनच्या विभागाची प्रमुख होती. हुद्दा मिळाला, जाहिरातीत नाव आलं. पण कापडाचा आणि कारागिरांचा खर्च तिच्याच अंगावर होता, त्यामुळं कर्ज वाढतच गेलं. १९६२मध्ये एके दिवशी हिशेब समोर आला: व्यापाऱ्यांचं देणं १०,००० डॉलर आणि थकलेला कर १२,८०० डॉलर. कर खात्यानं दुकानाला टाळं लावलं. ती रडत रस्त्यावर धावत सुटली असं तिनंच सांगितलं. त्याच सुमारास काचबिंदूनं उजवा डोळा गेला, काढून टाकावा लागला. डाव्यात मोतीबिंदू.

मग कुणीतरी, नाव न सांगता, कराची ती रक्कम भरून टाकली. हे जॅकलीन केनेडीचं काम, असा ॲन लोचा समज होता. ते खरं की नाही हे उघड झालं नाही. खरं असेल तर या व्यवहारातली फेड सुद्धा बिननावाचीच झाली म्हणायची.

डाव्या डोळ्यावरची शस्त्रक्रिया साधली. ती पुन्हा उभी राहिली, १९६८मध्ये मॅडिसन ॲव्हेन्यूवर दुकान काढलं आणि दिसतं तेवढ्यावर काम करत १९७२मध्ये थांबली. २५ फेब्रुवारी १९८१ रोजी न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात तिचा मृत्यू झाला.

आज तो गाऊन कुठं आहे

तिचे गाऊन आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत, वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात आहेत. २०२३मध्ये डेलावेअरच्या विंटरथर संग्रहालयानं तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात जॅकलीनचा गाऊन आणता आला नाही. रेशीम इतकं जीर्ण झालंय की उभं करून दाखवता येत नाही. म्हणून डेलावेअर विद्यापीठात शिवणकला शिकवणाऱ्या एका बाईंनी मूळ गाऊन जवळून तपासला, चुण्या मोजल्या, आतली बाजू समजून घेतली आणि हुबेहूब दुसरा शिवला. प्रदर्शनात तो उभा राहिला. म्हणजे हा गाऊन एकूण तीनदा शिवला गेला: एकदा ऑर्डरप्रमाणं, एकदा नळ फुटल्यावर, आणि सत्तर वर्षांनी तिच्या नावानं.

मूळ गाऊन बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालय-संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. १९६१च्या एप्रिलमधलं ते पत्रही त्याच संस्थेच्या दप्तरात आहे.